मिश्रीच्या डबीतल्या गोळ्या

माझं गावात छोटं सेवा केंद्र आहे, सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, आधारला अंगठा, असलं सगळं. दिवसभर गर्दी असते, पण संध्याकाळी शटर अर्धं खाली घेतलं की एखादा माणूस उगंच रेंगाळतो, झेरॉक्सचे पैसे दोनदा मोजतो आन मग हळूच विचारतो, "दादाला कुठं दाखवलं होतं रे तुम्ही?" गेल्या दीड वर्षात असे किती आले ते मोजलं नाही, पण दर पंधरा दिवसाला एक तरी धरा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, त्याला मनाचा आजार झाला होता, त्याचं विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो. दादाला विचारून लिहितोय. तो म्हणला लिही, पण माझं नाव घालू नको आन त्या कोंबडीचं लिहू नको. नाव घालणार नाही, कोंबडीचं मात्र लिहावंच लागंल.

आम्ही धारूर तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगरातले. जमीन आहे पण माळ, पाणी नाही, म्हणून घरटी एक तरी कोयता. बाहेरच्यांना सांगतो, कोयता म्हणजे ऊस तोडायला जाणारी नवराबायकोची जोडी. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, पावसाळ्यात उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, दसऱ्यानंतर गाड्या भरून लोक जातात ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सहा महिने तिकडंच, कोपी म्हणजे झोपडी टाकून. दादा आन वहिनी बारा-तेरा वर्षं जायलेत, बहुतेक कर्नाटकात. मी शिकलो ते त्यांच्याच उचलीवर, हे आधी सांगून टाकतो.

२०२४ च्या एप्रिलात दादा परत आला तेव्हा पहिल्या दिवशीच कळलं की काहीतरी बिनसलंय. घरात आला, पाणी प्यायला नाही, आधी मागच्या दाराला कडी घातली आन मला म्हणला, "बारक्या, मोबाईल बंद कर, मुकादमाची माणसं ऐकायलेत." मला वाटलं थकलाय, उचल फिटली नाही म्हणून टेन्शनमधी आहे. उचल खरंच फिटली नव्हती, साठ हजाराच्या आसपास अंगावर राहिले होते. पण मग रात्री झोपंना. एक रात्र नाही, तीन नाही, आठ-आठ दिवस. अंगणात येरझारा घालायचा, एकटाच बोलायचा, मधीच हसायचा. वहिनीनं केलेली भाकरी आधी कुत्र्याला टाकायचा, कुत्रं जगलं तरच खायचा, तेबी अर्धी. आंघोळ बंद. बैलाजवळ जाऊन बसायचा तो मात्र रोज. वहिनी नंतर म्हणली की हे जानेवारीपासूनच चालू होतं, उसाच्या फडात मधीच कोयता टाकून उभा राहायचा आन म्हणायचा कुणीतरी नावानं हाक मारायलंय. तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की खाडा. दिवस बुडला की पैसे कापतात तिकडं, आजारी असा नाहीतर काही असा.

आईनं आल्या-आल्या निकाल दिला, बाहेरचं झालंय. तिचं म्हणणं, तिकडं कॅनॉलच्या कडंला कोपी टाकली होती, तिथं कुणीतरी मेलं होतं, ते लागलं. मी त्या वेळी काय म्हणलो? मी बीएस्सी, कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, मी काहीच म्हणलो नाही. कारण माझ्याकडं दुसरं उत्तर नव्हतं. हे लई महत्त्वाचं आहे आन शहरातल्या लोकांना ते कळत नाही. त्यांना वाटतं आम्ही देवऋषाकडं जातो कारण आम्ही अडाणी. अहो, देवऋषी वाडीवर राहतो, चालत वीस मिनिटं. रात्री अकराला गेलं तरी दार उघडतो, बसा म्हणतो, चहा पाजतो, घरच्यांचं रडगाणं तासभर ऐकून घेतो आन शेवटी म्हणतो, "बरं होईल." आमच्या तालुक्यात त्या वेळी हे दोन शब्द बोलणारा दुसरा कुणी मला तरी माहीत नव्हता.

तर देवऋषी झाला. तीन अमावास्या करायच्या होत्या, एकच झाली. लिंबं, नारळ, काळी कोंबडी, उतारा तिकाटण्यावर. दादानं ती कोंबडी हातातून सोडून दिली आन पळत पळत तिच्याच मागं गेला, सगळे हसले, तो रडायला लागला. त्या दिवसापासून मला कोंबडीवरून कुणी चेष्टा केलेली चालत नाही. सगळं मिळून अकरा-साडेअकरा हजार गेले.

मधी तालुक्याला एका खाजगी डॉक्टरला पण दाखवलं. त्यानं दोन सलाईन लावले, ताकदीचं इंजेक्शन दिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या आन दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणला, टेन्शन घ्यायचं नाही. ती गोळी खाऊन दादा दोन रात्री झोपला, तिसऱ्या रात्री पुन्हा अंगणात.

मग चुलत्यानं एक ठिकाण सांगितलं, दुसऱ्या जिल्ह्यात, नाव लिहीत नाही. तिथं असे लोक महिना-महिना ठेवतात. आम्ही गेलो, मी, आई आन दादा. वहिनीला नेलं नाही, लेकरं होती घरी. तिथलं काय सांगू. पत्र्याच्या शेडखाली पंचवीस-तीस माणसं, बायका पण, आन एक पोरगं असंल अठरा-एकोणीसचं, त्याच्या पायात साखळी, बैलाला असते तसली, कुलूप घातलेली. त्याची माय शेजारी बसून शेंगा निवडायलेली. मी तिला विचारलं किती दिवस झाले, तर म्हणली "दुसरा पाडवा." म्हणजे वर्षाच्या वर. आन ती माय काही राक्षस नव्हती. साखळी नसली की पोरगं हायवेला पळतंय म्हणाली, एकदा ट्रकखाली जाता जाता वाचलं. तिला पण दुसरं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

नवव्या दिवशी तिथल्या सेवेकऱ्यानं आम्हाला सांगितलं, तुमचा माणूस रात्री फिरतो, साखळी आणा. बाजारात मिळंल म्हणला, दोनशे-अडीचशेला. मी दुकानात गेलो सुद्धा. हे लिहायला लाज वाटते पण गेलो, साखळी हातात धरून बघितली, आन तिथून आईला फोन केला की सामान भर, आपण घरी जायलोत. आता मला माहीत आहे की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माणसाला साखळदंड घालायला सरळ बंदी आहे, आन भूत उतरवतो म्हणून मारणं-बांधणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. निस्तं दुकानात ती साखळी हाताला गार लागली एवढं आठवतं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आशाताई आली. ती खरं तर वहिनीच्या बारक्या पोराच्या डोसासाठी आली होती. अंगणात दादाला बघितलं, त्याच्याशी दोन शब्द बोलली, मग मला बाजूला घेऊन म्हणली, "भाऊ, हे आजारपण आहे, याला सिव्हिलला वेगळा डॉक्टर असतो, गोळ्या फुकट मिळतात." मी म्हणलं मग इतके दिवस कामून नाही सांगितलं? तर म्हणली, तुमच्या घराला कुलूपच असतंय की. बरोबर आहे तिचं. मराठवाड्यात आन विदर्भात शेतकरी आत्महत्यांमुळं २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताया घरोघर जाऊन विचारतात, झोप लागते का, उदास वाटतं का, फॉर्म भरतात, वर पाठवतात. पण निम्मं गाव सहा महिने ऊस तोडायला, आन फॉर्म भरायला आलेल्या बाईला दिसतात म्हातारी माणसं आन कुलपं. ज्यांना विचारायला पाहिजे ते निपाणीच्या पुढं कोपीत झोपलेले.

तिनं एक नंबर दिला, १४४१६. टेलिमानस म्हणतात, केंद्र सरकारचा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. मला खरं वाटलं नाही, म्हणलं असंल कस्टमर केअरसारखं, एक दाबा दोन दाबा. रात्री साडेदहाला सेंटरवर जाऊन लावला. मराठीत बोलणारी मुलगी होती. तिनं मला सल्ला दिला नाही, प्रश्नच विचारत गेली. झोप किती, जेवण किती, कानात आवाज येतात का, कुणी मारायला टपलंय असं वाटतं का, दारू, गांजा, डोक्याला कधी मार, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. शेवटच्या प्रश्नाला मला एकदम आजोबांचे भाऊ आठवले, ज्यांना सगळे "येडे तात्या" म्हणायचे आन जे एक दिवस निघून गेले ते आलेच नाहीत. घरात कुणी त्यांचा विषय काढत नाही.

मग तिनं विचारलं, ते मरायचं बोलतात का, तुम्ही त्यांना तसं सरळ विचारलंय का? मी म्हणलं, ताई असं कसं विचारायचं, विचारल्यावर डोक्यात येईल की. ती म्हणली विचारल्यानं डोक्यात येत नाही, असलंच तर बोलायला वाट मिळते. आन घरात फवारणीचं औषध असंल तर आजच दुसरीकडं ठेवा म्हणली.

घरी आलो, दादा बैलाजवळ होता. त्याच्या शेजारी बसलो आन विचारलं. असं समजा की आयुष्यात इतकी अवघड गोष्ट केली नाही. तो लई वेळ गप्प बसला. मग म्हणला, "विहिरीवर दोनदा जाऊन आलो. बैलं कोण बघंल म्हणून माघारी आलो." मी त्याच रात्री शेडमधले औषधाचे डबे उचलून शेजारच्या बप्पाच्या कपाटात ठेवले, कुलूप लावून, आन दादाला एकटं सोडायचं नाही अशी पाळी लावली, मी, आई, वहिनी. आन पोलीस केसची भीती दाखवणारे नातेवाईक असतात, त्यांच्यासाठी सांगतो, त्याच २०१७ च्या कायद्यात लिहिलंय की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस भयंकर ताणात होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, सरकारनं उपचार द्यायचे. आमच्याकडं लोक केसच्या भीतीनं दवाखान्यात खोटं सांगतात, औषध चुकून पोटात गेलं म्हणतात, आन मग पोट धुऊन घरी पाठवतात, डोक्याचं कुणी बघतच नाही.

आता सिव्हिलचं. कुठलं ते लिहीत नाही, आमच्यापासून ७० किलोमीटर धरा. मनोविकाराची ओपीडी कुठल्या वारी असते हे विचारायला मी आधी तीन फोन केले, तिघांनी तीन वार सांगितले. शेवटी आशाताईनं तिच्या मॅडमकडून गुरुवार आणला. पहाटे साडेपाचची एसटी. दादा बसायला तयार नव्हता, ड्रायव्हर मुकादमाचा माणूस आहे म्हणायचा. वहिनीनं त्याला काय सांगितलं असंल? म्हणली, "बैलांच्या औषधाला जायचंय." लगेच बसला. डॉक्टरनं नंतर सांगितलं की फसवून आणू नका, पुढच्या वेळी विश्वास उडतो, पण पहिल्या वेळी आम्हाला दुसरं सुचलं नाही. वहिनीचं अर्धं तिकीट.

केसपेपरला पैसे लागले नाहीत, २०२३ च्या १५ ऑगस्टपासून सरकारी दवाखान्यात ते बंद झालेत. रांग मात्र आहे. केसपेपर काढून मी वॉचमनला विचारलं मनोविकार विभाग कुठं, त्याला ते कळलं नाही, मग एकदम कळलं, आन पूर्ण व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणला, "येड्याची ओपीडी व्हय? मागं, मागं, क्षयरोगाच्या बाजूला." साठ-सत्तर माणसं वळून बघायला लागली. दादा खाली मान घालून उभा. त्याच्या आजारात सुद्धा त्याला ते कळलं होतं. वहिनीनं पदर ओढून घेतला आन त्याचा हात धरून पुढं चालायला लागली, मी मागं राहिलो.

आत मात्र डॉक्टर चांगला भेटला, तरुणच होता. वीस-पंचवीस मिनिटं दिली, बाहेर चाळीस पेशंट असताना. आधी दादाशी एकट्याशी बोलला. मग वहिनीशी वेगळं. मग मला. मी फाईलसारखं सगळं लिहून नेलं होतं, कधीपासून झोप नाही, काय काय बोलतो, कुठल्या गोळ्या दिल्या, ते त्याला लई उपयोगी पडलं असं म्हणला. तर हे करा, जायच्या आधी कागदावर लिहा, तिथं गेल्यावर सुचत नाही. आन जुन्या गोळ्यांची पाकिटं न्या, रिकामी असली तरी.

आजाराचं नाव विचारलं तर म्हणला, सायकोसिस म्हणतात, पुढं काय रूप घेतो ते काही महिने बघून ठरवू. भूत नाही, करणी नाही, तुमच्या भावाचा कमकुवतपणा पण नाही, मेंदूचा आजार आहे, शुगर-बीपी असतं तसा, ऊस तोडायचं ओझं, झोप नसणं, कर्ज, यानं वर आला असंल. आईनं विचारलं उतारा केला तर चालंल का. मला वाटलं आता हा ओरडतो. तो म्हणला, "आजी, देवाला नारळ फोडा, अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका आन मारायचं-बांधायचं-उपाशी ठेवायचं नाही." आईला तो डॉक्टर त्या दिवशीपासून पटला. मला वाटतं आमच्या भागात निम्मं काम या एका वाक्यानं होतं, देव की दवाखाना असं भांडण लावलं की माणसं देवच धरतात.

रिस्पेरिडोन नावाची गोळी रात्रीची, आन दुसरी एक अंग आखडू नये म्हणून. १५ दिवसांची पुडी. आन सांगितलं की दोन-चार आठवड्यांशिवाय फरक धरू नका, आधी झोप येईल, मग हळूहळू बाकीचं. हे कुणी सांगितलं नसतं तर आम्ही पाचव्या दिवशी बंद केली असती, खरं सांगतो. कारण पाचव्या दिवशी दादाची मान एका बाजूला ओढायला लागली, जबडा घट्ट, हात थरथर, लाळ. गल्ली गोळा झाली. "गोळ्यांनी येडं केलं, चांगलं माणूस होतं," हे तेच लोक बोलत होते जे आठ दिवसांपूर्वी त्याला दगड मारायच्या गोष्टी करायचे. मी १४४१६ ला फोन केला, त्यांनी थांबू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात लगेच न्या म्हणून सांगितलं, ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथं इंजेक्शन दिल्यावर तासाभरात मान सरळ झाली. मग सिव्हिलला डोस बदलून दिला. डॉक्टर म्हणला, होतं असं काहींना, मी पहिल्या दिवशी अजून नीट सांगायला पाहिजे होतं. डॉक्टरच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

फरक कधी पडला? लोक विचारतात तेव्हा त्यांना एक तारीख पाहिजे असते. तशी तारीख नसते. पाचव्या आठवड्यात एकदा संध्याकाळी दादा वहिनीला म्हणला, "ठेचा केला नाहीस का गं लई दिवसात?" आन भाकरी कुत्र्याला न टाकता खाल्ली. वहिनी चुलीपुढून उठून मागं गेली, मी पण कशाला तरी बाहेर गेलो. आवाज एकदम गेले नाहीत. तो म्हणायचा, आहेत, पण लांब गेलेत, पलीकडच्या शेतात कुणी बोलावं तसं.

दर पंधरा दिवसाला जाणं म्हणजे काय ते पण लिहितो. तीन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं, नाश्ता-चहा, आन दोघांचा रोज बुडाला तो वेगळा, सगळं धरून हजार-बाराशे. गोळ्या फुकट, पण फुकट गोळी घरापर्यंत आणायला हजार रुपये. दोन वेळा तर एक गोळी स्टॉकमधी नव्हती, बाहेरून घ्या म्हणून चिठ्ठी. बाहेरून घेतली, तशी महाग नसते, पण ज्याच्याकडं भाड्याचेच पैसे उसने असतात तो "पुढच्या वेळी घेऊ" म्हणतो आन तिथंच साखळी तुटते. मी दोन-तीन वाऱ्यांनंतर डॉक्टरला हात जोडले, मग त्यानं महिन्याची पुडी द्यायला सुरुवात केली. मागितल्यावर देतात, मागायचं असतं हे माहीत पाहिजे.

आन मग आम्ही चूक केली. पोळ्याला दादा एकदम झकास होता, बैलं धुतली, शिंगं रंगवली, गावात मिरवली. आई म्हणली आता कशाला गोळ्या, जाडा व्हायलाय, दिवसा पेंगतो. त्यालाही नको होत्या. मी पण सेंटरवर पीकविम्याच्या भानगडीत होतो. बंद. घटस्थापनेपर्यंत झोप उडाली आन दसऱ्याच्या आधी पुन्हा मागच्या दाराला कडी. या वेळी आम्ही आठ दिवसांतच सिव्हिलला, आन लवकर सावरला पण. डॉक्टर रागावला नाही, एवढंच म्हणला, बरा झाला म्हणून गोळ्या बंद केल्या की गोळ्यांनी बरा होता म्हणून बंद केल्या? आई अजून हे वाक्य गल्लीत सांगत फिरते, उलटसुलट करून सांगते, पण सांगते.

खरी अडचण पुढं होती. मुकादम दारात. जुने साठ हजार अंगावर, नवी उचल घेतल्याशिवाय जमणार नाही, आन तो मला बाजूला घेऊन म्हणतो, "भाऊ, याला आता पुरा कोयता धरता येणार नाही, अर्धा धरतो." म्हणजे वहिनीचं अर्धं आन दादा फुकट. मी डॉक्टरचा कागद दाखवला तर म्हणला कागदानं ऊस तुटत नाही. शेवटी गेले ते दोघं, पुऱ्याच्या थोडं खाली बोली झाली. तुम्ही म्हणाल पाठवलंच कशाला. घरात बसवलं असतं तर साठ हजार कुठून आणायचे होते, आन दादालाच जायचं होतं, तो म्हणला घरात बसलो की मी पेशंट, तिकडं गेलो की माणूस.

आता सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम कुणी देत नाही. डॉक्टरनं महिन्याची पुडी दिली आन एक चिठ्ठी, त्यावर आजार, गोळ्यांची नावं, डोस. म्हणला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आता देशभर आहे, कुठल्याही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. कागदावर बरोबर आहे. पण फडातून जिल्ह्याला जायचं म्हणजे खाडा, आन तिकडची भाषा कानडी. वहिनी एकदा गेली सुद्धा, दिवस मोडला, परत आली हात हलवत, विभाग सापडलाच नाही म्हणली. मग आम्ही आमचा मार्ग काढला. मी दादाचा केसपेपर घेऊन गुरुवारी सिव्हिलला, डॉक्टर फोनवर दादाशी बोलायचा, वहिनीला विचारायचा झोप कशी, मग गोळ्या माझ्या हातात. आन गावाकडं पोरांना भेटायला, दवाखान्याला, मयतीला कुणी ना कुणी टोळीतलं येतंच, नाहीतर मुकादमाची जीप येते, त्या ड्रायव्हरकडं पुडी. वहिनीनं त्या मिश्रीच्या रिकाम्या डबीत ठेवल्या, कारण मिश्रीच्या डबीला पुरुषमाणूस हात लावत नाही आन कोपीत दुसऱ्या कुणाला कळायला नको होतं. रोज रात्री एक, आन कोपीच्या बांबूवर कोळशानं रेघ. "भाऊजी, बांबू भरत आलाय," असा फोन आला की मी समजायचो पुडी संपत आली. एक दिवस चुकला नाही सहा महिन्यांत. हे कुठल्या कार्यक्रमात बसत नाही पण आमच्या घरात मानसिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे वहिनी.

सेंटरवर नेट आहे म्हणून मी थोडं वाचलं. २०१५-१६ ला बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं देशाचा सर्व्हे केला होता, त्यात नैराश्य असलेल्या दर शंभरातल्या पंच्याऐंशीजणांना उपचारच मिळत नाही असं आलं, आन मनोविकाराचे डॉक्टर देशात लाखामागं एक सुद्धा नाही, पाऊण, असं दुसरीकडं वाचलं. राज्यातली सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याचे आठ जिल्हे आन त्यातलं एकही इकडं नाही. जालन्याला मंजूर केल्याच्या बातम्या आल्या, झालं तर चांगलंच. पण माझं विचाराल तर मला मोठी बिल्डिंग नको. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून दोन ठरलेल्या वारी डॉक्टर, आन कपाटात चार-पाच गोळ्या ज्या कधी संपणार नाहीत. धारूरला हे असतं तर साखळीच्या दुकानात मी गेलो नसतो.

१० ऑक्टोबरला तालुक्याला शाळेच्या पोरांची रॅली निघाली होती, जागतिक मानसिक आरोग्य दिन. मी झेरॉक्सचा कागद आणायला गेलो होतो, बाजूला उभा राहून सगळे फलक वाचले. मन करा रे प्रसन्न, ताण टाळा, सकारात्मक राहा. एकाही फलकावर ओपीडीचा वार नव्हता. १४४१६ नव्हता. गोळ्या फुकट मिळतात हे नव्हतं. तुकोबांचा अभंग पोरांच्या हातात दिला, बरं केलं, पण ज्याच्या घरात माणूस आठ दिवस झोपला नाही त्याला अभंग पाठच असतो हो. त्याला एसटी किती वाजता आहे ते सांगा. त्या दिवशी आल्यावर मी सेंटरच्या काचेवर एक कागद चिकटवला, पीकविम्याच्या शेवटच्या तारखेच्या खाली. वार, वेळ, केसपेपरची खिडकी कुठली, काय काय न्यायचं, नंबर. "येड्याची" वगैरे काही नाही, वर मोठ्यानं लिहिलं, "झोप लागत नाही?" या एका हेडिंगनं लोक थांबतात. झोपेचं विचारायला लाज वाटत नाही कुणाला.

दिव्यांग प्रमाणपत्राचं पण विचारतात. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलाय, सिव्हिलचं बोर्ड तपासतं, चाळीस टक्के किंवा त्याच्या वर आलं तर योजना लागू होतात, फॉर्म मी भरून देतो. दादाचा मात्र भरला नाही. तो नको म्हणला. आईला पटत नाही, मला पटतं, रोज भांडण चालू आहे त्यावर.

सध्या दादा गोळ्या घेतो, वजन वाढलंय, दुपारी पेंगतो, त्याबद्दल शिव्या देतो. आवाज म्हणतो बंद आहेत, कधीमधी उसाची मोळी उचलताना येतो एखादा. मुकादमाचे अजून बावीस हजार आहेत. आन गल्लीतली पोरं अजून मागून चिडवतात, ते काही गेलं नाही. परवा एकजण सेंटरवर आला, आमच्याच टोळीच्या जीपचा ड्रायव्हर, ज्याच्या हातानं मी गोळ्या पाठवायचो, त्याला मी ताकदीच्या आहेत म्हणून सांगितलं होतं. शटर अर्धं खाली होतं. म्हणला, "भाऊ, त्या ताकदीच्या नव्हत्या ते मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं, मेडिकलवाल्याला विचारलं होतं मी. माझ्या मायचं जरा बघायचं होतं. गुरुवारचीच ओपीडी ना अजून?"

मी म्हणलं, आता वार बदललाय, मंगळवार झालाय. काचेवरचा कागद बदलायचा राहिलाय माझा.